दमा आणि प्रदूषित हवा यांचा प्रादेशिक संबंध नकाशावर कसा तपासावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका मोठ्या प्रदेशातील सुमारे दीडशे विभागांसाठी दम्यामुळे रुग्णालयात दाखल झालेल्यांचे पाच वर्षांचे आकडे आणि पीएम २.५ या सूक्ष्म धूलिकणांच्या वार्षिक सरासऱ्या उपलब्ध आहेत. दोन्हींचे रंगीत नकाशे शेजारी ठेवले तर काही पट्ट्यांत गडद रंगाशी गडद रंग जुळतो, काही ठिकाणी नेमके उलटे दिसते आणि एकूण सहसंबंध क्षीण निघतो. अशा वेळी संबंध कसा तपासावा, नकाशा कसा काढावा आणि ‘येथे प्रदूषणामुळे दमा अधिक आहे’ असे शेवटी म्हणता येईल का, असे विचारले आहे.

माझे मत आधीच सांगतो. निरनिराळ्या ठिकाणांच्या सरासऱ्यांची एकमेकींशी तुलना हा या विषयातील सर्वांत कमकुवत पुरावा आहे. एकाच ठिकाणची हवा बदलली तेव्हा तिथला दमा बदलला का, हा प्रश्न त्यापेक्षा कितीतरी अधिक सांगून जातो. पाच वर्षांचे आकडे हाताशी असताना त्यांची एकच सरासरी काढली, की त्या आकड्यांतील सर्वांत उपयुक्त भाग हातचा जातो. मात्र त्या टप्प्यावर पोहोचण्याआधी दम्याच्या नोंदींची कसून तपासणी करावी लागते. असे नकाशे काढण्याचे काम अनेक वर्षे केल्यावर माझा पहिला संशय हवेवर जात नाही, तो नोंदींवर जातो.

प्रथम आपण नेमके काय मोजत आहोत ते ठरवले पाहिजे. एखाद्या विभागात दम्याचे किती रुग्ण आहेत, दरवर्षी किती जणांना तो नव्याने सुरू होतो आणि आधीपासून दमा असलेल्या किती जणांना झटका येऊन दवाखाना गाठावा लागतो, या तीन वेगळ्या राशी आहेत आणि त्यांचे प्रदूषणाशी असलेले नातेही वेगवेगळे आहे. मुलांमध्ये दमा नव्याने सुरू होण्याचा संबंध वाहनांच्या धुराशी, विशेषतः नायट्रोजन डायऑक्साइडशी, अनेक दीर्घकालीन अभ्यासांत आढळला आहे. झटक्यांचा संबंध ओझोन, धूलिकण आणि सल्फर डायऑक्साइड यांच्या त्या-त्या दिवसांतील चढउतारांशी लागतो. सल्फर डायऑक्साइडचा परिणाम तर व्यायाम करणाऱ्या दमेकऱ्यावर काही मिनिटांतच होऊ शकतो, म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी १० मिनिटांची वेगळी मर्यादा दिली आहे, ती घनमीटरला ५०० मायक्रोग्रॅम. आता रुग्णालयात दाखल होणे ही झटक्याची नोंद आहे आणि पीएम २.५ ची वार्षिक सरासरी हे दीर्घकालीन संपर्काचे माप आहे. म्हणजे तुलनेच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या काळाच्या मापाने मोजलेल्या आहेत. क्षीण सहसंबंधाचे निम्मे स्पष्टीकरण मला इथेच दिसते.

शिवाय दाखल रुग्णांचा आकडा केवळ रोगाचा नसतो. त्यात झटक्याची तीव्रता असते, उपचारांचा दर्जा असतो आणि रुग्णालय किती जवळ आहे हेही असते. ज्या विभागात श्वासावाटे घ्यायची स्टेरॉईड औषधे नियमित मिळतात आणि घेतली जातात, तिथे हवा वाईट असूनही दाखल होणाऱ्यांची संख्या कमी राहते. जिथे मोठे रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे, तिथे मध्यम तीव्रतेचा झटकाही नोंदवहीत चढतो. आणि जिथे रुग्णालयापर्यंत पोहोचायला अर्धा दिवस लागतो, तिथला रुग्ण घरीच नेब्युलायझरवर किंवा जवळच्या डॉक्टरच्या इंजेक्शनवर निभावून नेतो, त्याची कुठेच नोंद होत नाही. नकाशे ज्या पट्ट्यांत ‘उलटे’ दिसतात, त्या पट्ट्यांतील रुग्णालयांची संख्या आणि प्रवासाचे अंतर आधी पाहावे. मी दरवेळी एक साधी चाचणी करतो. हवेशी फारसा संबंध नसलेल्या एखाद्या तातडीच्या आजाराचा, उदाहरणार्थ अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेचा, त्याच विभागांचा आणि त्याच वर्षांचा नकाशा काढून पाहतो. तो दम्याच्या नकाशासारखाच निघाला, तर आपण रोगाचा नव्हे, रुग्णालयांच्या वाटपाचा नकाशा काढला आहे हे निश्चित समजावे.

पत्त्यांची गंमत वेगळीच असते. नोंदणीच्या खिडकीवर घाईच्या वेळी रुग्णाचा पूर्ण पत्ता लिहिला जात नाही आणि संगणक रिकाम्या रकान्यात रुग्णालयाचाच पोस्टल कोड भरून मोकळा होतो. उपचारांसाठी नातेवाइकांकडे येऊन राहिलेला रुग्ण त्या नातेवाइकांचा पत्ता देतो. परिणामी मोठ्या रुग्णालयाभोवतीचा विभाग गडद आणि त्याच्या शेजारचे विभाग फिकट, असे एक कडे नकाशावर उमटते. सर्व नोंदींपैकी किती नोंदींचा पोस्टल कोड आणि रुग्णालयाचा पोस्टल कोड तंतोतंत एकच आहे, एवढे मोजले तरी हा दोष लगेच उघडा पडतो. त्याचबरोबर एकच रुग्ण वर्षात चार वेळा दाखल झाला असेल तर ते चार प्रसंग की एक माणूस, हे ठरवून एकाच नियमाने मोजावे. काही विभागांत दोन-तीन गंभीर रुग्णच सगळा आकडा चढवतात.

निदानाचीही हीच तऱ्हा. आयसीडी-१० या वर्गीकरणात दम्याला जे४५ आणि तीव्र, न थांबणाऱ्या झटक्याला जे४६ हे संकेतांक आहेत, पण पाच वर्षांखालील मुलांमध्ये विषाणुसंसर्गामुळे छातीत होणारी घरघर काही डॉक्टर दमा म्हणून नोंदवतात, काही ब्राँकायटिस म्हणून. आणि पन्नाशी-पंचावन्नच्या पुढे दमा आणि सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसांचा दीर्घकालीन आजार, यांची सरमिसळ होते. निदानाच्या सवयी रुग्णालयागणिक बदलतात आणि रुग्णालये विभागागणिक बदलतात, म्हणून ही गल्लत नकाशावर थेट भौगोलिक फरक म्हणून प्रकटते. माझा आग्रह असा, की मुख्य विश्लेषण ५ ते ४५ वयोगटापुरते ठेवावे, उरलेल्या वयांचे वेगळे करावे आणि एकदा जे४० ते जे४६ हे ब्राँकायटिस, सीओपीडी आणि दमा यांचे सगळे संकेतांक एकत्र घेऊन निष्कर्ष टिकतो का ते पाहावे. वयाचे प्रमाणीकरण, म्हणजे विभागांच्या वयोरचनेतील फरक हिशेबातून काढून टाकणे, तर केलेच पाहिजे. मुलांचे प्रमाण जास्त असलेला विभाग त्याशिवाय उगाचच आजारी दिसेल.

आता लहान संख्यांचा प्रश्न. दीडशे विभागांच्या नकाशावर नजर जाते ती टोकांच्या रंगांकडे, आणि टोकाचे रंग बहुधा सर्वांत कमी लोकसंख्येच्या विभागांना मिळतात. एक हिशेब करून पाहू. समजा, एका विरळ वस्तीच्या विभागात वयोरचनेनुसार ४ रुग्ण अपेक्षित होते आणि ८ दाखल झाले. गुणोत्तर आले २, म्हणजे नकाशावर सर्वांत गडद रंग. पण ८ या संख्येची ९५ टक्के विश्वास-मर्यादा, म्हणजे निव्वळ योगायोगाची सूट धरून खरी संख्या जिच्यात असू शकते ती कक्षा, साधारण ३.५ ते १५.८ एवढी रुंद आहे. तिला ४ ने भागले की गुणोत्तर ०.८६ ते ३.९४ यांत कुठेही असू शकते, म्हणजे कदाचित काहीच जास्त नसेल. दुसऱ्या, दाट वस्तीच्या विभागात ४०० अपेक्षित आणि ४८० दाखल. गुणोत्तर अवघे १.२, रंग मध्यम, पण मर्यादा १.०९ ते १.३१, इथे वाढ खरी आहे आणि ती ८० माणसांची आहे. नुसत्या गुणोत्तरांचा नकाशा वाचकाचे लक्ष पहिल्या विभागाकडे वळवतो आणि दुसरा विभाग त्याच्या नजरेतून सुटतो.

यावरचा रूढ उपाय म्हणजे शेजारच्या विभागांची माहिती वापरून अंदाज स्थिर करणे. जूलियन बेसाग, जेरेमी यॉर्क आणि आनी मोलिए यांनी १९९१ मध्ये मांडलेले आणि त्यांच्या आद्याक्षरांनी बीवायएम म्हणून ओळखले जाणारे बेझियन मॉडेल आजही या कामाचा पाया आहे, आणि ते चालवणारी मोफत सॉफ्टवेअर पॅकेजेस सहज मिळतात. त्याने कमी लोकसंख्येच्या विभागांचे गुणोत्तर सरासरीकडे आणि शेजाऱ्यांकडे ओढले जाते. मी मात्र त्या स्थिर केलेल्या गुणोत्तरापेक्षा प्रत्येक विभागाचे खरे गुणोत्तर १ पेक्षा जास्त असण्याची संभाव्यता रंगवणे पसंत करतो. वर सांगितलेला दुसरा विभाग त्या नकाशात आपोआप ठळक होतो. एक सावधगिरी मात्र हवी. प्रदूषणही जागेनुसार हळूहळूच बदलते, त्यामुळे शेजाऱ्यांची माहिती वापरणारा मॉडेलमधील भौगोलिक घटक कधीकधी प्रदूषणाचाच परिणाम स्वतःकडे ओढून घेतो आणि संबंध नाहीसा झाल्यासारखा भासतो. म्हणून हा घटक घालून आणि न घालून, दोन्ही निकाल सांगावेत. दोघांत मोठी तफावत असेल तर ती तफावत हाच वाचकाला सांगण्यासारखा निष्कर्ष असतो.

प्रदूषणाच्या बाजूला येऊ. विभागाची सरासरी काढताना ती क्षेत्रफळाची काढली आहे की माणसांची, हे आधी विचारावे. एखाद्या विभागाच्या १५ टक्के क्षेत्रावर शहर आहे, तिथे ९० टक्के लोक राहतात आणि तिथे पीएम २.५ घनमीटरला ३० मायक्रोग्रॅम आहे. उरलेल्या जंगल-शेतीच्या भागात ते ८ आहे, असे धरू. क्षेत्रफळानुसार सरासरी येते ११.३, आणि लोकसंख्येचा भार दिला की २७.८. विभाग तोच, मापने तीच, पण पहिल्या आकड्याने तो तुलनेने स्वच्छांत जाऊन बसेल आणि दुसऱ्याने तो प्रदूषितांत मोजला जाईल. उपग्रहाधारित जाळीचे आकडे जसेच्या तसे विभागाच्या सीमांत सरासरी करून घेण्याची सवय फार पसरली आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

उपग्रहांबद्दलही दोन शब्द. धूलिकणांसाठी वापरले जाते ते संपूर्ण वातावरण-स्तंभातून प्रकाश किती अडतो याचे माप. ते जमिनीलगतच्या धुळीत रूपांतरित करताना आर्द्रता आणि हवेच्या मिसळथराची, म्हणजे जमिनीलगतची हवा जिथवर ढवळली जाते त्या थराची, उंची लक्षात घ्यावी लागते, आणि ढगाळ दिवशी मापच मिळत नाही. नायट्रोजन डायऑक्साइडसाठी ऑक्टोबर २०१७ मध्ये सोडलेल्या सेंटिनेल-५पी उपग्रहावरील ट्रोपोमी हे उपकरण उत्तम आहे, तरी त्याचा एक ठिपका साधारण ३.५ बाय ५.५ किलोमीटरचा असतो आणि ते दिवसातून एकदा, स्थानिक वेळेनुसार दुपारी दीडच्या सुमारास पाहते. वाहनांचा हा वायू मोठ्या रस्त्यापासून दोन-चारशे मीटरांतच परिसराच्या सामान्य पातळीवर उतरतो. त्यामुळे प्रादेशिक नकाशात तो वायू बारकाईने पकडायचा असेल, तर रस्ते, वाहतूक, जमिनीचा वापर आणि मापनकेंद्रांचे आकडे यांची सांगड घालणारे लँड यूज रिग्रेशन वापरावे लागते. ही पद्धत १९९० च्या दशकात ॲमस्टरडॅम, हडर्सफील्ड आणि प्राग या शहरांवर आजमावली गेली आणि मग सर्वत्र रुळली. सूक्ष्म धूलिकण मात्र शेकडो किलोमीटर प्रवास करतात, त्यांच्यासाठी विभागाची सरासरी तितकी वाईट नाही. प्रदूषकागणिक नकाशाची उचित बारकाई वेगळी असते, ही गोष्ट सॉफ्टवेअर आपल्याला सांगत नाही.

ओझोनचे वागणे तर नवख्याला चकवणारे आहे. तो थेट धुराड्यातून बाहेर पडत नाही, उन्हात इतर वायूंच्या अभिक्रियेतून बनतो. आणि वाहनांतून निघणारा ताजा नायट्रिक ऑक्साइड त्याला खाऊन टाकतो. त्यामुळे गजबजलेल्या रस्त्यांवर ओझोन कमी आणि वाऱ्याच्या दिशेला दूरवरच्या निवांत भागांत जास्त, असे चित्र दिसते. नायट्रोजन डायऑक्साइड आणि ओझोन यांचे नकाशे बऱ्याचदा एकमेकांचे उलटे असतात. फक्त एकाच प्रदूषकाचा नकाशा दम्याशी ताडून पाहणारा माणूस दुसऱ्याच्या परिणामाला पहिल्याचे संरक्षण समजून बसतो. आपल्या ‘उलट्या’ पट्ट्यांची चौकशी करताना उन्हाळ्यातील ओझोनही तपासावा, असे मी सुचवीन.

एवढे सगळे काटेकोर केले तरी ठिकाणांची तुलना किती फसवू शकते याचे सर्वांत बोलके उदाहरण जर्मनीचे आहे. एकीकरणानंतर एरिका फॉन म्युटियुस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्वेकडील लाइपझिग आणि हाले या शहरांतील शाळकरी मुलांची पश्चिमेकडील म्यूनिकच्या मुलांशी तुलना केली. पूर्वेकडे कोळशाचा धूर आणि सल्फर डायऑक्साइड भरपूर होते, त्यामुळे तिथे दमा जास्त असेल अशी सर्वसाधारण अपेक्षा होती. प्रत्यक्षात ब्राँकायटिस पूर्वेकडे जास्त निघाला, पण दमा, परागज्वर आणि ॲलर्जीची प्रवणता म्यूनिकमध्ये जास्त आढळली. प्रवणतेचे प्रमाण तर जवळजवळ दुप्पट होते. धूर दम्यापासून वाचवतो, असा अर्थ कुणीही शहाण्या माणसाने काढला नाही. कुटुंबाचा आकार, लहानपणी होणारे संसर्ग, राहणीमान अशा कितीतरी बाबतींत ती दोन ठिकाणे वेगळी होती आणि दम्याच्या पातळीवर त्या बाबींचा प्रभाव हवेपेक्षा मोठा होता. १९९० च्या दशकात इसाक या जागतिक सर्वेक्षणाने एकाच प्रश्नावलीने १३-१४ वर्षांच्या मुलांना ‘गेल्या १२ महिन्यांत छातीत घरघर झाली का’ असे विचारले, तेव्हाही देशादेशांतील प्रमाण १५ पटींहून अधिक बदलताना दिसले आणि सर्वाधिक प्रमाण असलेल्यांत न्यूझीलंडसारखे तुलनेने स्वच्छ हवेचे देश होते. एवढी मोठी पार्श्वभूमी-तफावत असताना प्रदूषणाचा दहा-वीस टक्क्यांचा परिणाम ठिकाणांच्या तुलनेतून वेगळा काढणे जवळपास अशक्यच असते. विभागांच्या पातळीवर दिसणारा संबंध माणसांच्या पातळीवर तसाच असेल असे धरणे हा सांख्यिकीतील जुना आणि नावाजलेला तर्कदोष आहे, हे १९५० मध्येच विल्यम रॉबिन्सन यांनी दाखवून दिले होते.

म्हणून काळाकडे वळावे. बार्सिलोनाचे उदाहरण मी प्रत्येक नवीन सहकाऱ्याला वाचायला लावतो. १९८० च्या दशकात त्या शहरात काही ठरावीक दिवशीच दम्याच्या रुग्णांची तातडीच्या विभागांत एकदम रीघ लागे. १९८१ ते १९८७ या काळात असे २६ दिवस ओळखले गेले. वार्षिक सरासरीच्या नकाशात हे दिवस पूर्ण विरघळून गेले असते. जोसेप मारिया आंतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्ण कोणत्या दिवशी, कोणत्या तासाला आणि शहराच्या कोणत्या भागातून आले हे मांडले, तेव्हा प्रकरण बंदराच्या दिशेने बोट दाखवू लागले. मग बंदरात उतरवल्या जाणाऱ्या मालाच्या नोंदी ताडून पाहिल्या: १९८५ आणि १९८६ मधील अशा सर्वच्या सर्व १३ दिवशी जहाजांतून सोयाबीन उतरवले जात होते. एका कोठाराला धूळ अडवणारे फिल्टरच नव्हते आणि मंद वारा ती धूळ शहरावर आणत होता. फिल्टर बसवल्यावर ती लाट थांबली. नेहमीच्या मापनकेंद्रांवर सोयाबीनची धूळ मोजलीच जात नाही, म्हणजे त्या आकड्यांशी सहसंबंध काढत बसले असते तर कारण सापडणे कठीणच होते. आधी दिवस सापडले, दिवसांनी जागा दाखवली आणि जागेने कारण.

अमेरिकेतील युटा खोऱ्यात काळाचा असाच एक नैसर्गिक प्रयोग घडला. तिथला पोलाद कारखाना ऑगस्ट १९८६ पासून सुमारे १३ महिने बंद होता. आर्डेन पोप यांनी दाखवले, की कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत मुलांना श्वसनाच्या आजारांसाठी दाखल करण्याचे प्रमाण बंद असलेल्या हिवाळ्याच्या दोन ते तीन पट होते. यावर आक्षेपही आला: आरएसव्ही या विषाणूची साथ त्या वर्षी कमी असेल तर? शेजारच्या, कारखाना नसलेल्या खोऱ्याशी तुलना करणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. ही काळजी किती आवश्यक आहे हे अटलांटाने शिकवले. १९९६ च्या ऑलिंपिकच्या १७ दिवसांत वाहतूक आवरली गेली, ओझोनची कमाल पातळी सुमारे २८ टक्क्यांनी खाली आली आणि सरकारी वैद्यकीय योजनेतील मुलांच्या दम्याच्या तातडीच्या दाव्यांत ४१.६ टक्के घट नोंदली गेली. निष्कर्ष जगभर गाजला. पुढे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत आढळले, की त्याच दिवसांत आसपासच्या, ऑलिंपिक नसलेल्या भागांतही ओझोन उतरला होता, आणि इतर वर्षांतील त्याच ऋतूचा हंगामी कल वजा केल्यावर दम्याच्या भेटींतील घट फारशी उरत नव्हती. काळाची तुलना करताना शेजारचे ठिकाण आणि मागची-पुढची वर्षे सोबत नसतील, तर तिच्यावरही फार भरवसा ठेवता येत नाही.

दोन्ही गोष्टी सोबत घेऊन केलेले काम कसे दिसते, ते दक्षिण कॅलिफोर्नियातील मुलांच्या दीर्घकालीन अभ्यासात पाहावे. तिथे ९ वस्त्यांतील, १९९३, १९९६ आणि २००६ मध्ये सुरू झालेल्या तीन गटांची तुलना करून प्रत्येक वस्तीत हवा किती सुधारली आणि त्याच वस्तीत नवा दमा किती कमी झाला हे तपासले गेले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये ४.३ पीपीबी (हवेच्या एक अब्ज भागांत ४.३ भाग) घट झाली तर नव्या दम्याचा दर सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला. ओझोनबाबत असा संबंध दिसला नाही. प्रत्येक वस्ती इथे स्वतःशीच ताडली जात असल्याने तिथली न बदलणारी वैशिष्ट्ये, मग ती गरिबी असो, रुग्णालयाचे अंतर असो किंवा निदानाची सवय असो, हिशेबातून आपोआप गळतात.

तुमच्या आकड्यांवर हेच करता येईल. पाच वर्षांची सरासरी मोडून प्रत्येक विभागाचे आठवड्यांचे किंवा शक्य असल्यास दिवसांचे आकडे काढावेत आणि प्रत्येक विभागाला स्वतःचा आधारस्तर द्यावा. तापमान, आर्द्रता, हंगाम, सुट्ट्या आणि श्वसनविषाणूंच्या साथी यांची सोय मॉडेलमध्ये करावी. उत्तर गोलार्धात जिथे शाळा सप्टेंबरमध्ये सुरू होतात, तिथे सर्दीच्या विषाणूंमुळे त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत मुलांच्या झटक्यांची मोठी लाट दरवर्षी येते आणि ती लक्षात घेतली नाही तर त्या महिन्यातील कोणताही प्रदूषक दोषी ठरतो. परिणाम त्याच दिवशी न दिसता पुढच्या तीन-चार दिवसांत पसरतो, म्हणून ते दिवस एकत्रितपणे तपासावेत. दैनिक नोंदी असतील तर केस-क्रॉसओव्हर पद्धत मला सर्वांत सोयीची वाटते: ज्या दिवशी रुग्ण दाखल झाला त्या दिवसाची हवा त्याच महिन्यातील त्याच वाराच्या इतर दिवसांशी ताडायची, म्हणजे रुग्णाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते. परागकणांची नोंद मिळत असेल तर ती जरूर घ्यावी. मेलबर्न शहरात २१ नोव्हेंबर २०१६ च्या वादळानंतर ३० तासांत श्वसनाच्या तक्रारींसाठी तातडीच्या विभागांत नेहमीपेक्षा ३,३६५ भेटी जास्त झाल्या आणि १० मृत्यू त्या घटनेशी जोडले गेले. कारण राय गवताचे परागकण होते. असा एक दिवसही आकड्यांत अनोळखी राहिला तर तो सगळा कल वाकवू शकतो.

यातून निघणारा खरा प्रादेशिक नकाशा वेगळाच असतो. तो दम्याचा नसतो आणि प्रदूषणाचाही नसतो. धूलिकण १० मायक्रोग्रॅमने वाढले तर या विभागात झटके किती टक्क्यांनी वाढतात, याचा तो असतो. प्रत्येक विभागाचा परिणाम स्वतंत्रपणे न काढता सर्वांचा एकत्रित अंदाज घेऊन त्याभोवती विभागांना थोडी मोकळीक द्यावी, नाहीतर लहान संख्यांचा तोच घोळ पुन्हा होतो. हा नकाशा सर्वत्र जवळपास एकसारखा निघाला तरी तो निष्कर्ष मोलाचा आहे, कारण मग मूळ नकाशातील तफावत इतर कारणांची होती हे स्पष्ट होते. काही भागांत परिणाम ठळकपणे जास्त निघाला, तर तिथल्या धुळीचे स्वरूप आणि औषधांची उपलब्धता या दोन ठिकाणी चौकशी करावी.

एक सापळा मात्र अलीकडे फार दिसतो. ‘प्रदूषणामुळे होणारा दमा’ दाखवणारे अनेक जागतिक नकाशे मोजणीचे नसून गणिताचे असतात: प्रदूषणाची पातळी घ्यायची, आधीच्या अभ्यासांतून मिळालेला गुणांक लावायचा, आणि लोकसंख्या व दम्याच्या अंदाजित दराने गुणायचे. नायट्रोजन डायऑक्साइडमुळे जगभरात दरवर्षी मुलांमध्ये दम्याचे सुमारे ४० लाख नवे रुग्ण, म्हणजे एकूण नव्या रुग्णांच्या १३ टक्के, हा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज याच पद्धतीचा आहे आणि धोरणासाठी तो उपयुक्तही आहे. पण असा नकाशा प्रदूषणाच्या नकाशाशी जुळतो म्हणून संबंध सिद्ध झाला, असे म्हणणे म्हणजे आपणच खिशात ठेवलेली वस्तू आपल्याच खिशातून शोधून काढणे होय. आपले आकडे प्रत्यक्ष मोजलेले आहेत, त्यांचे मोल म्हणूनच अधिक आहे.

रेखाटनाविषयी फार लिहायला नको. दोन रंगांचे मिश्रण करून दोन्ही गोष्टी एकाच नकाशात दाखवण्याचा मोह टाळावा, नऊ छटांचा तो नकाशा जाणकारालाही वाचता येत नाही. गटांच्या सीमा सॉफ्टवेअरवर सोडू नयेत. धूलिकणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची वार्षिक मर्यादा ५ मायक्रोग्रॅम आहे, आणि तुमचे सर्वच विभाग तिच्या वर असतील, तर सर्वांत फिकट रंगाला ‘स्वच्छ’ म्हणणे चुकीचे ठरेल. विभागांच्या सीमा एकदा बदलून, म्हणजे लहान विभाग जोडून किंवा मोठे विभाग फोडून, निष्कर्ष टिकतो का तेही पाहावे. ज्या विभागात पाचपेक्षा कमी रुग्ण आहेत तिथला आकडा छापू नये, कारण लहान गावात वय आणि वर्ष कळले की रुग्ण ओळखू येतो.

राहिला शेवटचा प्रश्न, ‘येथे प्रदूषणामुळे दमा अधिक आहे’ असे लिहावे का. आहे त्या आकड्यांवरून तसे लिहू नये. काळाचे विश्लेषण केल्यावर संबंध आढळला, तर विधान असे असावे: ५ ते ४५ वयोगटात, या पाच वर्षांत, ज्या दिवसांत पीएम २.५ जास्त होते त्या दिवसांत आणि त्यानंतरच्या तीन दिवसांत दम्याच्या झटक्यांमुळे दाखल होणाऱ्यांची संख्या इतक्या टक्क्यांनी, इतक्या ते इतक्या मर्यादेत, जास्त आढळली. त्याखाली दम्याचे संकेतांक, पत्ता नसलेल्या नोंदींचे प्रमाण आणि प्रदूषणाचे आकडे मापनकेंद्रांचे की उपग्रहाचे, हे लहान अक्षरांत का होईना, पण नकाशावरच छापावे. वेगळ्या परिशिष्टात ठेवलेली माहिती नकाशा पुढे पाठवताना मागेच राहते.